चाचांच्या जास्तीच्या पट्ट्या

येडशी, माघ वद्य पंचमी, फसली १३५३

जिनिंग कारखान्यातल्या लेथचा हेडस्टॉक, म्हणजे फिरता दांडा बसतो तो भाग, आज धुऊन पुन्हा जोडला. मला हे काम शिकवणाऱ्या उस्मानचाचांची नजर आता अधू झाली आहे. बेअरिंगच्या झाकणाखाली दोन्ही बाजूंना एकेक कागदी पट्टी हवी होती, त्यांनी दोन-दोन घातल्या. झाकण वर उचललं गेलं; मी हलवून पाहिलं तर स्पिंडल, तो फिरता दांडा, सैल हलत होता. ते दुपारनंतरच्या असरच्या नमाजाला गेले तेव्हा जास्तीच्या पट्ट्या गुपचूप काढल्या. का लपवलं? माया म्हणून, की धीर झाला नाही म्हणून?

चाचा आले, हातानं स्पिंडल फिरवला, झाकणाखालच्या फटीवरून बोट फिरवलं आणि थबकले.

"पट्ट्या काढल्यास व्हय रे, गणपत?"

"व्हय, चाचा."

"डोळं गेलेत माझं, बोटं न्हाय. चुकलं तर तोंडावर सांग. असं मागनं करत राहिलास तर मी इथं यायचं कशाला?"

पट्ट्या माझ्या खिशातच होत्या. देवा रामलिंगा, फार लाजलो.

मी झाकण पुन्हा ढिलं केलं. चाचा स्पिंडल फिरवत राहिले, मी बोल्ट थोडा थोडा आवळत गेलो. ते "बास" म्हणाले, तिथंच पाना थांबवला.