एकाच अंकात संपूर्ण

७ एप्रिल, सोमवार

पोचले एकदाची! वर्ध्याहून निघताना आईचा चेहरा उतरला होता आणि माझा असा काही फुलला होता की मलाच लाज वाटली. पाच वर्षं लग्नपत्रिकांवर 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' लिहून लिहून हात विटला होता. आता कॉमिक्स! हातानं काढलेली, हातानं लिहिलेली, मराठीतली, आणि तीही रायपुरात. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात ते खोटं नाही.

देव म्हणजे अर्थात गंधाली. नागपूरला आर्ट कॉलेजात चार वर्षं आम्ही हॉस्टेलच्या एकाच खोलीत काढली. इथं अक्षरं लिहायचं काम तीच करत होती. तिचं लग्न ठरलं, पुण्याला नोकरी मिळाली, तर ही जागा तिनं दुसऱ्या कोणाला न सांगता मला सांगितली. मैत्रीण असावी तर अशी.

घर चौबे कॉलोनीत, दुमजली, समोर बोगनवेल. नाना सत्तरीचे, चित्रं तेच काढतात. भोसल्यांच्या फौजेबरोबर त्यांचे पूर्वज इकडे आले म्हणे. मराठी अजून सांभाळून आहेत, जरा हिंदीचं पाणी घालून. सरोजिनीकाकूंनी आल्या आल्या गरम फरा वाढला. तांदळाच्या पिठाचा, वाफवलेला, वरून तीळ-मोहरीची फोडणी. "लाजू नको पोट्टी, खाऊन घे, इथी तुले कोनी पराई समजून नाही राहिलं," म्हणाल्या. मी सहा खाल्ले.

माझी खोली तळमजल्यावर. टेबल भिंतीला लावलेलं, पाठीमागे एक दार. आतल्या लहान खोलीत जुने कागद आहेत म्हणून कुलूप. कूलर मात्र झकास आहे.

९ एप्रिल, बुधवार

कामाची रीत कळली. इथं अंक म्हणजे एक गोष्ट. बत्तीस पानं, बस. मुखपृष्ठावर ठसठशीत ओळ: एकाच अंकात संपूर्ण. या अंकातला माणूस पुढच्या अंकात येत नाही. 'क्रमशः' हा शब्द तर घरात उच्चारायचाही नाही. मी गमतीनं म्हणाले तर काकूंच्या हातातली पळी तिथंच थांबली.

चित्रं आधी, शब्द मागून. नाना फुगे रिकामे सोडतात आणि पानागणिक कोण काय बोलतं ते मला तोंडी सांगतात. फुग्याची शेपटी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे वळवायची. बोलणारा चित्रात नसेल तर शेपटी चौकटीच्या काठाबाहेर जाते, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की आवाज पलीकडून येतोय. एवढं मला येतं. फक्त शेवटच्या पानाचे शब्द नाना सांगत नाहीत. ते लिहिणाऱ्यानं स्वतः ऐकायचे, म्हणाले. कलावंत माणूस, असायचंच एखादं खूळ.

११ एप्रिल, शुक्रवार

कपाटातले जुने अंक वाचायला घेतले. एकूण एक्केचाळीस. काय गोष्टी आहेत! एका बाईनं सवतीच्या मुलाला विहिरीवर एकटं सोडलेलं असतं. एका तिकीटबाबूनं भावाची चिठ्ठी वीस वर्षं उघडलेलीच नसते. प्रत्येकाची एकच चूक, आणि बत्तिसाव्या पानावर ती त्याला गाठते. शेवटची चौकट दरवेळी तीच आहे: रिकामी खुर्ची, टेबलावर उघडी दौत, मागं उघडं दार. एखाद्यानं सही करावी तशी.

गंधालीला तीनदा फोन केला. उचलला नाही, नुसता बदाम पाठवला. लग्नाची गडबड असेल.

१३ एप्रिल, रविवार

आज काकू फार हसल्या. त्या स्वयंपाकघरातून मला हाक मारतात आणि मी ओ देत नाही, तिसऱ्या हाकेला उठते. "काहून वं, बहिरी हायेस काय?" म्हणाल्या. मग सांगितलं. आमच्याकडे लहानपणापासून बजावलेलं असतं, पहिल्या हाकेला ओ देऊ नये, दुसऱ्याही नाही. हाकामारी दोनदाच हाक मारते आणि ओ दिली की माणूस घेऊन जाते. तिसरी हाक आली की समजावं, आपलं माणूस आहे. सवय झाली, जात नाही.

काकूंचं हसू मध्येच थांबलं. नानांकडे पाहून त्या हळूच म्हणाल्या की गंधाली सांगत होती ते हेच का. नानांनी वर्तमानपत्र उलटलं.

१५ एप्रिल, मंगळवार

नव्या अंकाची पहिली तेरा पानं मी भरली होती. रेल्वेच्या क्वार्टरमधली एक मुलगी, दोन वेण्या, चित्रकलेची वही. असतात अशा मुली. पण आज चौदावं पान आलं. त्यात स्टुलावर एक पितळी तांब्या आहे, काठाला पोचा असलेला. तो पोचा मी पाडला होता. मी, पाचवीत असताना.

त्याच पानावर दोन फुगे. दोन्ही शेपट्या चौकटीबाहेर, आतल्या खोलीकडे. नानांनी शब्द सांगितले. "श्रावू." आणि दुसऱ्यात पुन्हा, "श्रावू."

शाई सांडली. आता इथं लिहूनच टाकते, नाही तर डोकं फुटेल. मी अकरा वर्षांची होते, आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. आई बाहेर गेली होती, बाबा आजारी, आत पडलेले. त्यांनी मला हाक मारली, श्रावू म्हणून. मी वहीवरून मान वर केली नाही, नियमाप्रमाणे मोजत बसले. एक. दोन. तिसरी आलीच नाही. आई आली तेव्हा ते गेलेले होते आणि तांब्या त्यांच्या हातापासून वीतभर लांब होता.

हे आईलाही माहीत नाही. जगात एकाच माणसाला सांगितलं आहे. हॉस्टेलमध्ये, तिच्या मांडीवर डोकं ठेवून.

१६ एप्रिल, बुधवार

गंधाली फोन उचलत नाही.

भनपुरीच्या छापखान्यातून इंद्रजीतभैया कागदाचा हिशोब विचारायला आले होते. जाता जाता म्हणाले, "इस घर में लिखनेवाले टिकते नहीं दीदी, हर किताब में नया आदमी." ते गेले आणि मी सगळे अंक जमिनीवर मांडले. गोष्टी वाचल्या होत्या, अक्षर पाहिलंच नव्हतं, आणि म्हणे मी अक्षरवाली! प्रत्येक अंकाचं अक्षर वेगळं आहे. 'ळ' वेगळा, 'श' वेगळा. एक हात दुसऱ्या अंकात नाही.

आणि एक्केचाळिसांत गंधालीचं अक्षर कुठंच नाही. ती तर इथं दोन महिने होती.

१७ एप्रिल, गुरुवार

दुपारी तीन दहाला कूलर बंद पडला. खोली एकदम शांत झाली. पाठीमागच्या दाराआडून हाक आली.

श्रावू.

या घरात मला कोणी श्रावू म्हणत नाही. मी ओ दिली नाही. घामानं हातातला टाक निसटला. पुढची हाक आली नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

काकू देवळात गेल्या तेव्हा चाव्यांचा जुडगा काढला आणि ते दार उघडलं. आत माणूस नाही, खाटही नाही. एक ट्रंक. ट्रंकेत एका अर्ध्या अंकाची पानं. लाल स्कूटर, चष्म्याची मुलगी, तिची धाकटी बहीण. गंधाली. अठ्ठावीस पानांपर्यंत अक्षरही तिचंच, पुढचे फुगे कोरे. वर नानांनी पेन्सिलीनं लिहिलंय: पात्र बदललं.

खाली तिचं पत्र. माझ्या नोकरीसाठी तिनं मला फोन केला त्याच्या दोन आठवडे आधीचं. उतरवून ठेवते, म्हणजे उद्या मला खोटं वाटायला नको.

'नाना, मला सोडा. माझ्यापेक्षा चांगली गोष्ट देते. माझी मैत्रीण आहे, अक्षर माझ्याहून सुंदर. तिच्या वडिलांनी दोनच हाका मारल्या. ती अजून तिसरीची वाट बघते आहे. ती जाईलच.'

खाली क्वार्टरचा नकाशा काढलाय. खाट कुठं, स्टूल कुठं. तांब्याचा पोचासुद्धा विसरली नाही. मी रडत सांगत होते आणि ही बया लक्षात ठेवत होती!

१९ एप्रिल, शनिवार

नानांना पत्र दाखवलं. ते चिडले नाहीत, नाकारलंही नाही. म्हणाले, मी काढत नाही, हात काढतो. सुरू झालेला अंक कोणाला तरी पुरा करावाच लागतो, नाही तर आवाज त्या माणसामागं गावोगाव फिरतो. पहिला अंक त्यांच्या सख्ख्या भावाचा होता. "तो पन असाच बसला होता, तुह्या खुर्चीवर. ओ देऊन उठला, मंग दिसला नाही," म्हणाले. काकू रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी मला फरा वाढला. मी ताट भिरकावलं.

संध्याकाळी गंधालीनं फोन उचलला. आधी रडली. मग म्हणाली, पुण्यातही तिला बहिणीचा आवाज यायचा, मी रायपूरला आले त्या दिवसापासून बंद झाला. मग म्हणाली, अर्ध्यावर सोडून येऊ नकोस ना, माझं बारा मेला लग्न आहे.

मी विचारलं की मीच का. ती म्हणाली की तुझ्याशिवाय माझं इतकं जवळचं आहे कोण.

२० एप्रिल, रविवार

पळाले. स्टेशनवर बसले, वर्ध्याचं तिकीट हातात. तीन दहाला प्रतीक्षालयाच्या भिंतीमागून—

श्रावू.

दुसरी. आसपास शंभर माणसं, कोणी मान वळवली नाही. हे घेऊन आईकडे जाऊ? आईनं ऐकलं तर?

परत आले. काकूंनी काही न विचारता दार उघडलं. अंथरूण घातलेलंच होतं.

२१ एप्रिल, सोमवार

मधली पानं रात्रभर बसून भरली. आता बत्तिसावं पान टेबलावर आहे. मुलगी आता मोठी आहे, माझा निळा कुर्ता घातलेला. दाराशी उभी, कडीवर हात. एक मोठा फुगा, शेपटी चौकटीबाहेर. एक लहान, तिच्या तोंडाशी. दोन्ही कोरे. खाली ती रिकामी खुर्ची.

मी बरी ऐकेन! टाक बुडवला आणि पानाच्या तळाशी माझ्या सगळ्यात सुंदर वळणात लिहिलं: क्रमशः.

नाना पाहून पांढरे पडले. 

२२ एप्रिल

तीन दहा झाले. काही नाही. कूलर चालू. पोटभर जेवले.

२३ एप्रिल

काही नाही. सकाळी गंधालीचे अकरा फोन. आवाज पुन्हा तिच्याकडे गेला असणार. उचलले नाहीत. ऐक म्हणावं आता. उद्याची गाडी आहे, सामान बांधलं.

२४ एप्रिल

गेले नाही. गाडी गेली.

तीन दहाला दाराशी कान लावून बसले होते. मीच. काही नाही— भिंत नुसती गरम.

मग कळलं मी काय केलंय. त्या दिवशी ते मेले म्हणून तिसरी आली नाही. या वेळी मीच तोंड बंद केलं त्यांचं. शाईनं.

२५ एप्रिल

पत्रातलं वाक्य. ती जाईलच.

नानांना खात्री नव्हती. तिला होती. मी सुटायची वाट शोधेन, सापडेल, आणि तरी— मांडीवर डोकं ठेवून सांगितलं होतं मी. नालायक. नालायक. लग्न कर सुखानं.

ब्लेड घेतलं. क्रमशः खरवडून काढला. कागद जरा फाटला. चालेल.

तीनला पाच कमी.

आई, बाबांच्या हाका मी ऐकल्या होत्या—

हे बाबा नाहीत. मला माहीत आहे. तिनं सांगितलं तेवढंच हे घर जाणतं. नकाशा, पोचा, नाव. बस. तेवढंच. मी ओ दिली तरी आत कोणी नसणार, ट्रंक असणार, हे माहीत असून—

तीन दहा. कूलर थांबला.

आत कोणीतरी खाकरलं.

बाबा हाक मारायच्या आधी खाकरायचे. नेहमी. हे मी गंधालीला कधीच सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही. मी स्वतः विसरले हो—

श्रावू

आले, बाबा, पाणी घेऊन आ