बरणीतल्या परागांची तपासणी आणि उत्पादकाची हजेरी

प्रति,
मा. अन्न सुरक्षा अधिकारी,
अन्न तपासणी कार्यालय, पहिला मजला.

विषय : घरगुती परागांची बुरशी व जिवाणू तपासणी होण्याबाबत आणि उत्पादकाच्या नावे निघालेली नोटीस मागे घेण्याबाबत.
संदर्भ : आपली ‘समक्ष हजर राहावे’ ही नोटीस.

महोदय,

मी दहावीत आहे. विज्ञान प्रदर्शनात न अडखळता बोलले, तेव्हापासून घरचे सगळे अर्ज माझ्याकडे आले आहेत. चूकभूल माझी समजावी.

१. मधमाश्या पायांना चिकटवून परागांच्या गोळ्या आणतात. त्या आमची आई मधपेटीच्या दाराशी जाळी लावून गोळा करायची. ओलावा राहिला तर त्यांना बुरशी लागते. शेवटची बरणी तिने आजारपणात भरली. गोळ्या पुरत्या वाळल्या नसाव्यात. त्यानंतर आई गेली.

२. बाबा रोज त्यातला एक चमचा खातात. बरणीला आंबूस वास येतो, झाकण उघडताना फुस्स होते. पोट बिघडून बाबा निम्मे झाले आहेत. टाकून द्या म्हटले की, “तुझ्या आईच्या हातचं मला बाधेल होय?” आत्या म्हणते, सरकारी शिक्का पाहिला तरच ऐकेल तो.

३. म्हणून मी नमुना आणला. आपल्या कार्यालयाच्या खिडकीतल्या काकांनी उत्पादकाचे नाव लिहून घेतले आणि सही मागितली. आई वारली, असे मी सांगितले. “सहीशिवाय नमुना घेता येत नाही, बाळ,” म्हणाले. पुढे आईच्याच नावे नोटीस आली : अनुपस्थिती गंभीर मानली जाईल. साहेब, आम्ही ती गंभीरच मानतो.

४. नोटीस बाबांच्या हाती पडली. “सरकार उगाच बोलावील का कुणाला?” म्हणून त्यांनी आईच्या चपला पुसून दाराशी ठेवल्या. आता ते कडी लावू देत नाहीत. सकाळी दोन वाट्या मांडतात. तिच्या वाटीतले पराग संध्याकाळी परत बरणीत जातात. खरे सांगते, जिन्यात पावले वाजली की हल्ली मीसुद्धा वळून बघते.

५. आज बाबा आंघोळीला गेल्यावर बरणी उचलून आणली आहे. उत्पादकाच्या रकान्यात ‘मृत’ लिहिले आहे. हा शब्द मी आजवर कुठे लिहिला नव्हता. पराग खराब निघाल्यास कारण ‘ओलावा’ एवढेच लिहावे, कुणाचा हात लिहू नये. अहवाल बाबांच्या नावे काढावा. आईच्या नावे आला, तर ते पाकीट फोडणार नाहीत. ती आल्यावर देऊ म्हणून जपून ठेवतील.

आपली नम्र,
आणि उत्तर मिळेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसलेली,
मधपेटीवाल्यांची मोठी मुलगी

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत : बरणी (झाकण सावकाश उघडावे), नोटीस, मृत्यूचा दाखला.