बॅटरी आत घ्यायची वेळ

८ जुलै २०२५

गाडीची बॅटरी चोरली! इथे कुवेतला, फहाहीलमध्ये, आपल्याच बिल्डिंगखालून! पहाटे ड्यूटीला निघालो, चावी फिरवली, टिक नाही की टुक नाही. बॉनेट उघडतो तर जागा रिकामी. बाकी चोर कामातला माणूस आहे हां. वायरी ओढल्या नाहीत, कापल्या नाहीत. टोकांना फडकी गुंडाळलेली, काढलेले बोल्ट परत जागेवर पिळून ठेवलेले. मी स्वतः काढली असती तरी याहून नीट निघाली नसती.

अबरारला झोपेतून उठवून झापलं. वॉचमन कशाला म्हणतात रे तुला? बिचारा मान खाली घालून उभा. "साहब, मिल जाएगी," एवढंच. टॅक्सीने कामावर, हेलिकॉप्टरच्या हँगरवर पोचलो.

संध्याकाळी

बॅटरी घरात! माझ्या पलंगाच्या पलीकडे, सासूबाईंनी शिवलेल्या गोधडीत गुंडाळून!  बायकोची, द्वारकाची, काल हॉस्पिटलात रात्रपाळी होती, ती आज दुपारी उशिरा आली. विचारलं तर म्हणाली, "अहो, मीच अबरारला सांगितलं वर आणून ठेवायला. चोऱ्या होतायत ना."

मग सकाळीच फोनवर सांगायला काय झालं होतं? आणि गोधडी कशाला? ती उठून कणीक मळायला गेली. चिडलो आणि जेवलोच नाही.

१० जुलै

पन्नास डिग्री. स्टिअरिंगला हात लावला की चटका. अशा मुलखात बॅटरीला गोधडी!

खरं तर गोधडी घालायचो ते आम्ही, तरुणपणी. कॅनडाच्या उत्तर टोकाला, तेल शोधायच्या कॅम्पवर. द्वारकाला हे किस्से पाठ आहेत, मी सुरू झालो की ती कुकर लावायला उठते. बर्फावर तंबू, एका तंबूपासून दुसऱ्या तंबूपर्यंत बांधलेला दोर, वादळात तो धरूनच संडासला जायचं. हेलिकॉप्टर बाहेर उघड्यावर. शेवटची फेरी संपली की इंजिनाला कव्हर चढवायचं, बॅटरी काढायची आणि तंबूत घेऊन यायची. ती रात्रभर बाहेर राहिली तर सकाळी मेली, आणि हेलिकॉप्टर नाही तर कॅम्पला ना डॉक्टर, ना बटाटे. म्हणून पायलट पीटर जेवायला बसायच्या आधी मला एकच विचारायचा — बॅटरी आत आली का? मी माझ्याच खाटेशी ठेवायचो, वर ब्लँकेट. सगळे हसायचे. म्हणायचे, गणपतची बायको झोपली!

थंडीचं काही वाटलं नाही हो. मराठी नव्हतं ते सोसवायचं नाही. महिनोन्महिने कानावर एक शब्द नाही. शेवटी मी हेलिकॉप्टरशीच बोलायचो. पाना फिरवता फिरवता म्हणायचो, थांब गो बाय, झालंच. वाटायचं, कुणीतरी एकदा "चहा घेणार का" एवढं मराठीत विचारावं. बस.

१३ जुलै

बॅटरी जागेवर आहे. माझ्या नखांत मात्र ग्रीस. आज सुट्टी, मी पान्याला हात लावलेला नाही!

१४ जुलै

 आजचं लिहून ठेवतो.

दुपारी झोपलो होतो. संध्याकाळी मगरिबच्या अजानच्या सुमाराला जाग आली. जाग कसली — मी खाली गाडीपाशी उभा होतो! हातात पाना, बॉनेट उघडं, समोर अबरार. मला वाटलं, पकडला चोर! गचांडी धरली त्याची. चार माणसं जमली. काय वाट्टेल ते बोललो त्याला.

 तो रडायला लागला. "साहब, आप ही निकालते हो। रोज शाम को। मैडम सुबह मेरे से वापस लगवाती है। बोली थी, साहब को मत बताना।"

पाना माझ्याच हातात होता.

१५ जुलै

द्वारकाने सगळं कबूल केलं. रमजानपासून चाललंय. म्हणजे चार महिने! मी दुपारचा झोपून संध्याकाळी उठतो, खाली जातो, बॅटरी काढून वर आणतो, पांघरूण घालतो. तिला विचारतो, कॅम्पमध्ये सगळे परतले का? ती हो म्हणते. मग मी शांत होतो आणि जेवतो. सकाळी मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. ती पहाटे माझ्याआधी उठून अबरारला हाक मारते. मी चोरी म्हणून ओरडलो त्या दिवशी तिला रात्रपाळी लागली आणि पहिल्यांदा राहून गेलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुम्ही हेलिकॉप्टरशिवाय जगाल का? आणि कामावर तुम्ही कधी चुकत नाही हो. घरीच होतं हे."

तुला काय माहीत, कामावर चुकतो की नाही! ओरडलोच तिच्यावर. मी तपासून शिक्का मारल्याशिवाय हेलिकॉप्टर हलत नाही. माझ्या एका शिक्क्यावर माणसं समुद्रावर जातात, त्यांच्या बायका निर्धास्त झोपतात. आणि चार महिने मी... देवा! कुठला नट पिळला, कुठला राहिला, कुणाला विचारू?

ती म्हणाली, नोकरी गेली की तुमचा इकामा, इथे राहायचा परवाना, जाईल, कुवेत सुटेल. माझ्या नोकरीवर तुम्हाला ठेवून घेता आलं, तरी एकटं घरात सोडून मी ड्यूटीला कशी जाऊ? तेही खरंच आहे. दोघं जमिनीवर बसून राहिलो.

१७ जुलै

द्वारकाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर निदा. गोड मुलगी, हिंदीत बोलली. कागदावर घड्याळाचं चित्र काढा म्हणाली, काढलं. मग विचारलं, महिना कोणता? मी झटकन म्हणालो, जानेवारी.

खिडकीबाहेर ऊन आग ओकत होतं. द्वारकाने माझा हात धरला तेव्हा कळलं, काय बोललो ते.

२० जुलै

श्यामला मॅडमच्या टेबलावर शिक्का ठेवला. त्या आमच्या क्वालिटीच्या प्रमुख, कोचीच्या, भलत्या कडक. सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं, मग मी हात लावलेलं प्रत्येक हेलिकॉप्टर जमिनीवर थांबवलं. माझ्यामुळे! एवढ्या वर्षांत माझ्यामुळे एकही उड्डाण रद्द झालं नव्हतं.

२२ जुलै

मॅडमचा फोन. सगळं उघडून तपासलं. एकही चूक नाही. "नॉट वन, गणपतजी," म्हणाल्या.

बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. मग अबरारकडे गेलो, हात जोडले. तो म्हणाला, "चलिए साहब, चाय पीते हैं।" वर म्हणाला, शाम को बैटरी मैं ही ऊपर ला दूँगा, आप वजन मत उठाओ. काय माणसं असतात!

२५ जुलै

द्वारकाने राजीनामा दिला. आता कुडाळला, गावी जायचं. बॅगा भरतेय. मी मध्ये मध्ये करतो म्हणून ओरडते, मग लगेच डोक्यावरून हात फिरवते. तिच्यासमोर हसतो. पण मनात येतं — बॅटरी काढलेली विसरलो, महिना विसरलो, उद्या हिला विसरलो तर? हे तिला बोललो नाही. फक्त इथे.

जानेवारी

बाहेर वादळ. हाताचं बोट दिसत नाही. बॅटरी आत आली, पांघरूण घातलं. पीटरला सांगायचं.

कॅम्पवर एक बाई आल्या आहेत. मराठी बोलतात! चहा घेणार का, म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही कुठल्या? म्हणाल्या, कुडाळच्या. अहो, आम्हीही कुडाळचे! तर त्या रडायलाच लागल्या. परमुलखात गावचं माणूस भेटलं की असं होतंच.