चादरींची चाल

४ फेब्रुवारी
होकार आला! वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात सहा मिनिटं माझी. तीनशे वर्षांपूर्वीच्या कवयित्रीची कविता, चाल चादरींच्या गाण्याची आणि साथीला जॅझ. ग्रंथपाल म्हणाले, "धाडस आहे हं तुमचं." म्हणजे वेडेपणा. असू दे.

आत्याला सांगितलं. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात तीस वर्षं काढली तिने. दोघी-दोघी चादर धरायच्या, ओढायच्या, झटकायच्या, घडी घालायच्या आणि गायच्या. मला वाढवलं तिनेच, त्यामुळे ते गाणं माझ्या कानात पक्कं. पण ती म्हणते, "कामाचं गाणं ते. कोट घातलेल्या माणसांपुढे कसलं गातेस!"

गाणारच.

७ फेब्रुवारी
जॅझ वाजवणारा माणूस इथे एकच — भोंगा. चाळीस वर्षं हॉटेलांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलं. सगळे भोंगा म्हणतात, मी भोंगाकाका म्हणते. घरी गेले तर ट्रम्पेट कपाटावर, दात पेल्यात!

"वरची कवळी फुंकताना घसरते," म्हणाले. "दीड वर्षात एक सूर नाही. दुसरा कोणी बघ."

"काका, मी चौदा वर्षं कवळ्याच बनवतेय."

काकांनी घाईघाईने दात घातले. म्हणे, नीट बोलता यावं म्हणून.

१०
दातांच्या डॉक्टरीणबाई — माझ्या मालकीण — "कवळी चावायला असते, वाजवायला नाही," म्हणाल्या. पण माप घेतलं. साचा माझ्या हातात!

१९
पहिली कवळी नापास. तिसऱ्या सुरालाच निसटली. काकांनी ती तोंडातून काढून माझ्या हातावर ठेवली आणि ट्रम्पेट पेटीत घालून निघून गेले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

२६
दुसरीही नापास.

४ मार्च
ट्रम्पेटचं तोंड बरोबर कुठे टेकतं ते आज काकांच्या ओठावर पेन्सिलीने आखून घेतलं. आरशात बघून काका खूप हसले. पुढचे दोन दात केसभर आत घेतले, मागची कड टाळूवर घट्ट बसवली. ही तिसरी कवळी मेणातच तीनदा लावून बघितली. आता पक्की करते. हार मानायची नाही.

९ मार्च
लागला! एक सूर, लांब, जरासा खरखरीत. काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी उगीचच हत्यारं पुसत बसले.

१३ मार्च
तालीम आमच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, काकांचं ट्रम्पेट आणि माझी गिटार. कविता अशी —

काठ सोडुनि नाव गेली, मी उभी काठावरी
वाट पाहे नाव माझी, मी तिची, हे ना कळे

चालीवर बसते, पण 'गेली'पाशी अडखळते. तिथे मोठी फट पडते. मी 'गेली' लांबवून बघितलं, 'गं' घालून बघितलं. दहा वेळा! अकराव्या वेळी आतून आत्या कडाडली, "अगं, भरतेस कशाला? तिथे चादर झटकायची असते! गप्प राहायचं!" आणि तिथूनच, भांडी घासता घासता, सगळी ओळ म्हणून दाखवली.

काकांनी ट्रम्पेट खाली घेतलं. "या बाई जन्मभर जॅझ गातायत आणि कोणी सांगितलं नाही?"

मग त्या फटीत त्यांनी चार सूर टाकले.

१४ मार्च
रडले. लिहूनच टाकते. माझा आवाज बरा आहे. आत्याचा आवाज म्हणजे ती कविताच. दोन वर्षं मी या सहा मिनिटांसाठी झुरले आणि आता मलाच खरं ऐकू येतंय. डोळे पुसले, चहा केला, तिला म्हटलं, "तू गा. मी गिटार धरते."

"मला नाही जमायचं."

"मलाही कवळी जमत नव्हती."

कप विसळायला उठली. पण नाहीही म्हणाली नाही.

२० मार्च
दोघं भांडतात! लयीत काका पुढे पळतात, आत्या मागे रेलते. "अहो, चादरीला दोन टोकं असतात. मी ओढल्याशिवाय तुम्ही कसे निघालात?" काका ऐकतात. बँडमास्तरांचंही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं म्हणे.

२८ मार्च
झालं!! आत्याने पहिली ओळ धरली. 'गेली' म्हणाली आणि थांबली. मग ट्रम्पेट. कवळी जागची हलली नाही. पुढच्या रांगेतले निवृत्त भाषाशिक्षक शेवटी उभे राहून म्हणाले, "ही कविता मी हजार वेळा शिकवली. आज समजली." ग्रंथपालांना ध्वनिमुद्रण हवंय.

आत्या घरी येऊन थेट झोपली, चपलांसकट.

२ एप्रिल
ध्वनिमुद्रणाचा फॉर्म भरत होते. 'चाल' या रकान्यात 'पारंपरिक' लिहिलं. आत्या खांद्यावरून बघत होती.

"खोड ते."

"का गं?"

"माझी आहे ती. एकोणीस वर्षांची होते, तेव्हा केली. मग सगळ्याच बायका म्हणायला लागल्या, माझी कुठे राहिली!" आणि वर म्हणाली, "अशा चाळीसेक चाली आहेत."

फॉर्म बाजूला सारला, कोरी वही ओढली. म्हटलं, "म्हण. पहिल्यापासून."