हातावरचा तीळ आणि क्लचबाई

४ मार्च
आजपासून रोजनिशी. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याचा अनुभव वाया जाऊ नये. कोपर दिवसभर खिडकीबाहेर, म्हणून डावा हात काळा, उजवा गोरा. बायको म्हणते, दोन माणसांचे हात जोडल्यासारखे दिसतात. तिने सनस्क्रीनची ट्यूब आणली. लावणार. रोज.

५ मार्च
लावलं. चिकट. उद्यापासून हरभऱ्याएवढंच. ट्यूब वर्षभर पुरेल.

११ मार्च
डाव्या हातावरचा, कोपराखालचा तीळ वाढतोय. मोहरीएवढा होता, आता मसुरीएवढा. कडाही वेड्यावाकड्या. बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा. म्हटलं, तीळ वाढतो म्हणजे भाग्य वाढतं. ती म्हणाली, पुरुषाचा उजवीकडचा भाग्याचा, तुमचा डावीकडे. आरशात पाहिलं. आरशातल्या माणसाच्या तो उजव्या हातावर आहे. भाग्याबद्दल तिळमात्र शंका नाही.

१९ मार्च
नवीन शिकाऊ बाई. क्लचवरून पाय उचलतच नाहीत, म्हणून मनातल्या मनात क्लचबाई. गाडी चालवताना सारख्या माझ्या हाताकडे बघतात. मॅडम, रस्त्याकडे बघा, असं दोनदा सांगितलं. मनातून बरं वाटलं. या वयात.

२० मार्च
पुन्हा तेच. सनस्क्रीन बंद. रापलेला रंगच लोकांना आवडत असेल तर आपण का झाकावा? हात डॅशबोर्डवर ठेवला. नीट दिसावा म्हणून.

२४ मार्च
क्लचबाईंनी विचारलं, नेहमी हाफ शर्टच घालता का. घरी बोललो नाही. संसारात काही गोष्टी झाकलेल्या बऱ्या. सकाळी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलून व्यायाम केला. खांदा धरला.

२७ मार्च
क्लचबाईंनी न सांगता गाडी कडेला घेतली. क्लच, ब्रेक, हँडब्रेक, सगळं अचूक. वेळ आली म्हणायची. 'बायको आहे मला' हे वाक्य तयारच होतं.
त्या म्हणाल्या, "मी त्वचेची डॉक्टर आहे. हा तीळ कधीपासून वाढतोय?"
मी हात डॅशबोर्डवरून खाली घेतला.
"घरी कुणाला माहीत असेल?"
"बायको आहे मला," तोंडातून निघालं.

२९ मार्च
क्लचबाईंच्या दवाखान्यात तारखेसकट सगळं बायकोनेच सांगितलं. दोघी माझ्याबद्दल मी खोलीत नसल्यासारख्या बोलत होत्या. तीळ काढून तपासायला पाठवला. हाताला भूल दिली. दुसऱ्या हाताने बायकोचा हात इतका आवळला की भूल तिलाच द्यायला हवी होती.

६ एप्रिल
रिपोर्ट आला. कॅन्सरच. वेळेत सापडला, आजूबाजूची थोडी कातडी अजून काढायची, मग काळजी नाही म्हणाल्या. उशीर झाला असता तर काय, ते मी विचारलं नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बायको रडली. मीही. ती आधी थांबली. फार घाबरलो होतो, हे इथेच लिहितो.

१ मे
दर महिन्याला अंग तपासायचं, असा डॉक्टरांचा हुकूम. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, म्हणून ते काम बायकोकडे. शर्ट काढून खिडकीपाशी उभा राहिलो. तिने चष्मा लावला. खांद्यापासून एकेक डाग बघत गेली. मग मानेखाली तिचं बोट थांबलं. मी खिडकीचा गज धरला. म्हटलं, काय असेल ते सांग, मी खंबीर आहे.
तिने टॉवेलचं टोक ओलं केलं, घासलं आणि म्हणाली, "मळ आहे."