शून्य प्रवाशांचा थांबा

प्रिय ठकू,

तुझ्या वाहतूक खात्याची नोटीस आज थांब्याच्या खांबावर वाचली. पुढच्या महिन्यापासून सात नंबरची बस बंद. कारण काय, तर आमच्या थांब्यावर आठवडाभरात शून्य प्रवासी चढले. खाली सही तुझी. अक्षर सुरेख आहे, लहानपणी मीच गिरवून घेतलं होतं. मजकूर मात्र डोकं फिरवणारा.

अगं, शून्य कसे? रोज सकाळी आम्ही एकवीस जण त्या बसमध्ये चढतो. फक्त खांबाजवळ चढत नाही, एवढंच. खांब आहे ऐन चढावर. तिथून बस उचलताना इंजिन खोकतं आणि सगळा काळा धूर दातांच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात शिरतो. बाई एकदा ड्रायव्हरशी कडाडून भांडल्या. तेव्हापासून तो पन्नास पावलं पुढे, सपाटीवर, औषधांच्या दुकानासमोर थांबतो आणि रांगही तिथेच लागते. याला चार वर्षं झाली. तुमचा मोजणीवाला मात्र सातही दिवस खांबाखाली खुर्ची टाकून बसला. रांग त्याला दिसत होती. औषधवाल्याने त्याला चहासुद्धा पाठवला. मी म्हटलं, बाबा रे, माणसं इकडे आहेत. तर म्हणतो, आजोबा, मला खांब दिलाय. आता कपाळ कुठल्या खांबावर आपटून घ्यायचं ते तूच सांग.

ही माणसं आपोआप जमलेली नाहीत. जन्मभर मी कामगारांच्या सभा गाजवल्या, पण जिन्यात उभं राहून एका शिंप्याला गाडी घरी ठेवायला लावणं त्याहून अवघड निघालं. साठ किलोचा माणूस हलवायला टनभर लोखंड कशाला जाळत नेतोस, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, काका, बस चुकली तर माझं गिऱ्हाईक तुम्ही सांभाळणार का? एकदा खरंच चुकली. मी त्याच्या दुकानात बसून सकाळभर सदऱ्यांना बटणं लावली. दोन उलटी लागली, पण त्या दिवसापासून त्याची गाडी जागची हललेली नाही. अशा तेरा गाड्या या गल्लीत उभ्या आहेत. तुमच्या कचेरीत हवा कशी सुधारावी यावर बैठका झडतात. इथे ती तेरा गाड्यांपुरती सुधारली आहे आणि तुम्ही तिच्यावर फुली मारताय. बस गेली की दुसऱ्या दिवशी तेराही गाड्या रस्त्यावर येतील. मग मी पुन्हा दार ठोठावलं तर कोण उघडेल?

तू म्हणशील, बाबा, भाषण पुरे. बरं, पुरे. भाषणात कधीच न सांगितलेलं सांगतो. मी गाडी तत्त्वासाठी विकली असं तुलाही सांगितलं आणि टाळ्याही घेतल्या. खरं असं की, गेल्या वर्षी तुझ्या आईला भेटून परतताना वळणावर उजवीकडून सायकलवर आलेली मुलगी मला दिसलीच नाही. तिनेच हँडल वळवलं म्हणून वाचली. डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा जवळजवळ गेलाय. दुसऱ्याच दिवशी गाडी विकली. तत्त्व खोटं नव्हतं, पण आधी भीती आली, तत्त्व मागून. तुला कळवलं असतं तर तू मला तुझ्या शहरात उचलून नेलं असतंस, आणि तुझी आई इथल्या शुश्रूषागृहात आहे.

सात नंबर तिच्या खिडकीखाली थांबते. माझं नाव ती हल्ली विसरते, बस ओळखते. बस दिसली की केस नीट करते, असं तिथली नर्स सांगते. दुसरी बस त्या बाजूला जात नाही, आणि चालत जाण्याचं माझं वय राहिलं नाही. म्हणून हे पत्र. बुधवारी ये, गाडी न घेता. खांबापाशी थांबू नकोस, पन्नास पावलं पुढे ये आणि स्वतः मोज. सुरुवात माझ्यापासून कर.

तुझाच, रांगेतला पहिला,
बाबा