बिनटपाची जीप

पणजी, ११ जानेवारी २००४

प्रिय आई,
मखमलाबादहून निघालेल्या तुझ्या लेकीचा गोव्यातून वाकून नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. तुझी नात मंजुषा नोकरीत रुळली आहे. थोडी वाळली आहे, पण हसते तशीच. गुलाब तोडायला हे एकटेच मागे राहिलेत, त्यांना डबा पाठवतेस ना? बाबांचा गुडघा कसा आहे?

समुद्राकाठच्या रस्त्याने फिरायला मंजुषाला भाड्याने बिनटपाची जीप घ्यायची होती. मलाही मनातून ती फार हवी होती. पण सोबत मामंजी. लग्नापासून त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर ढळू दिलेला नाही, आणि उघड्या जीपमध्ये तो टिकणार कसा? मी म्हणाले, "बंद गाडीच घे. मला वारा बाधतो."

"शेतात दिवसभर असतेस, तिथला नाही बाधत?" पोरगी मामंजींसमोरच म्हणाली. मला कुठे बघावं कळेना.

मामंजींनी सावकाश चहा संपवला. मग डोक्यावरची टोपी काढली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "उघडीच घे, मंजू. ही टोपी तरी कुठं टिकणार हाय वाऱ्यात?"

ते पुढे बसले, मी मागे. पदर उडाला, तो मी धरला नाही. समुद्र डोळे भरून पाहिला.

मामंजींचं उघडं डोकं मी पहिल्यांदाच पाहिलं. केस अगदी विरळ झालेत गं. त्यांना गार लागेल म्हणून मी माझी शाल पुढे केली. ती त्यांनी मागे न बघताच घेतली.

तुझीच,
हिरा